वरून पातळ, आडवं दाट

वैमानिकांना शिकवण्याची यंत्रं आमच्या कंपनीत बनतात. आत खऱ्या विमानासारखं कॉकपिट असतं, खिडक्यांच्या जागी मोठे पडदे, आणि त्या पडद्यांवर धावपट्टी, डोंगर, पाऊस, ढग. सिम्युलेटर म्हणतात त्याला. त्यातले ढग आणि धुकं हे माझं काम. गेल्या आठवड्यात एक शिकाऊ मुलगी त्यातून घामाघूम होऊन बाहेर आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "हे धुकं कुणी केलंय?"

मी म्हटलं, "मी." आणि दिवसभर मला ते बोचत राहिलं. कारण ते मी केलं असलं तरी मला ते दाखवलं आण्णांनी.

पुंडलिक मिराशी त्यांचं नाव. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात, गुंद गावी, आमच्या घरापासून वर चढावर त्यांचं घर. गाव त्यांना 'मेट आण्णा' म्हणायचं. जंगलातल्या कामावर मजुरांच्या मुकादमाला आमच्याकडे मेट म्हणतात, त्यामुळे माझ्या वयाच्या सगळ्यांना वाटायचं की हे कधीकाळी लाकूडतोडीवर मुकादम असणार. खरं तर आण्णांनी सगळी नोकरी उत्तरेकडच्या मैदानात, एका लहानशा विमानतळावर हवामानाची निरीक्षणं घेण्यात काढली होती. तिथं निरीक्षकांच्या खोलीला, मिटिऑरॉलॉजीवरून, 'मेट' म्हणत. गावाचा हा गैरसमज त्यांना माहीत होता. "मेट तर मेट," म्हणायचे. "कुणाला काय समजावत बसायचं?"

उंच, सडपातळ माणूस. लुंगीवर नेहमी पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. बायको वारून बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. स्वतःचं स्वतः रांधून खायचे. बोलणं फार कमी. काही विचारलं की आधी थांबायचे, ज्याच्याविषयी विचारलंय तिकडे नीट बघायचे, मग उत्तर द्यायचे. 'अंदाजे' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. जोयड्याची गाडी चालवणारा ड्रायव्हर रस्त्यावरून ओरडून विचारायचा, "आण्णा, घाटात मंजू हाय काय?" मंजू म्हणजे धुकं, कानडीतला शब्द, पण आमच्याकडे मराठीतही तोच चालतो. आण्णा उत्तर द्यायचे, "घाटातलं घाटात जाऊन बग. मला इथनं फणसापर्यंत दिसतंय."

आणखी एक सवय होती, तिला गाव हसायचं. धुकं पडलेल्या सकाळी आण्णा घरामागची टेकडी चढायचे, वर थोडा वेळ उभे राहायचे आणि लगेच खाली यायचे. कधीकधी पुन्हा चढायचे. ना लाकूड आणायचे, ना पाला. माझी आई म्हणायची, एकटं राहून माणसाला असं काहीतरी लागतं.

मला घरून काम करायची मुभा मिळाली आणि मी गुंदला येऊन राहिले, तेव्हा आमच्या घरात नेटच नव्हतं. गावात नेट नीट यायचं ते आण्णांच्या पडवीच्या एका कोपऱ्यात. मी विचारायला गेले तर म्हणाले, "बस की. पडवी कुठं झिजतीया?" त्यांनी स्वतः तिथं एक बाकडं आणून ठेवलं.

पहिले काही दिवस त्यांनी माझ्या पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्याच्या कामात डोकावू नये, असा त्यांचा बाणा. एकदा चहाचा पेला ठेवायला वाकले आणि तसेच थांबले.

"शुभा, ह्ये काय म्हणायचं?"

"धुकं आहे, आण्णा. धावपट्टीवरचं."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. "खालपासनं वरपर्यंत सारखंच? ह्ये मंजू न्हाई. पांढरं धोतर वाळत घातलंय."

मला राग आला. मी समजावून सांगितलं, की शिकवणारा एक आकडा टाकतो. समजा आठशे मीटर. मग वस्तू जितकी लांब तितकी पांढरी होत जाते आणि आठशेच्या पलीकडे काहीच दिसत नाही. कुठूनही बघा, कुठल्याही दिशेनं बघा, आकडा तोच. सगळीकडे असंच करतात.

"आकडा," एवढंच म्हणून ते आत गेले. त्या दिवशी पुन्हा बाहेर आले नाहीत.

भातकापणी होऊन गेली होती. दोनतीन दिवसांनी सकाळी ते आमच्या दारात हजर. "चल. मंजू बसलंय."

खाली शेतात गेलो. कापलेल्या भाताच्या खुंटांवर धुकं बसलं होतं, माझ्या छातीपर्यंत. आण्णा म्हणाले, "खाली बस." मी बसले. दहा पावलांवरचा बांध दिसेना. "आता ऊठ." उठले तर पलीकडचा डोंगर, देवळाची कौलं, सगळं लख्ख. मग मला टेकडीवर घेऊन गेले. वरून खाली पाहिलं. ज्या शेतात बसून मला बांध दिसत नव्हता, तेच शेत, तोच बांध, माझी बांधावर राहिलेली निळी ओढणी, सगळं वरून दिसत होतं. जरा पुसट, पण दिसत होतं.

"वरनं बगताना तुझ्या आणि शेताच्या मधी मंजू केवढं? छातीभर. पण त्याच्यात उतरून आडवं बगाय गेलीस की सगळं शेतभर मंजू मधी येतंय. वरनं पातळ, आडवं दाट. मग तुझा आकडा कुटनं मोजायचा?"

एवढी साधी गोष्ट. मी या गावात वाढले होते, आणि मला ती माहीत नव्हती.

त्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडून खूप शिकले. सुप्याच्या धरणाच्या पाण्यावरून उठणारं धुकं वेगळं आणि शेतात बसणारं वेगळं. धुक्यात दिव्याभोवती कडं कसं धरतं, सूर्य वर आला की धुकं आधी कुठं फाटतं. पावसाळ्यातला ढग आमच्या घरांच्या दारातून आत शिरतो, कपडे ओले करून मागच्या दारानं जातो. त्याला मी धुकंच म्हणायचे. आण्णांना ते चालायचं नाही. "त्यो ढग. ढग चालतोय, मंजू बसतंय. दोघांचा सोभाव येगळा."

त्याच हिवाळ्यात शेजारच्या सावित्रीला पहाटे कळा सुरू झाल्या. उजाडेपर्यंत जीप आली, पण धुकं असं की बॉनेटपुढचं दिसेना. ड्रायव्हरनं मोठे दिवे लावले तर समोर पांढरी भिंत उभी राहिली. तो म्हणाला, थांबू या जरा. सावित्रीची सासू रडायला लागली. आण्णा घरातून पांढरा टॉवेल खांद्यावर टाकून आले. ड्रायव्हरला म्हणाले, "मोटं दिवं बंद कर. बारकं ठेव. माझ्या पाठीकडं बग, दुसरीकडं बगू नको." आणि जीपच्या पुढे चालू लागले. पळत नव्हते, थांबत नव्हते. वळण आलं की हात बाहेर काढायचे. चढ संपून धुकं विरळ होईपर्यंत सत्तरीचा माणूस असा चालत गेला. जीप पुढे गेल्यावर रस्त्याच्या कडेला बसले. संध्याकाळी मुलगी झाल्याची बातमी आली. गाव कौतुक करायला आलं तर आण्णा म्हणाले, "मी काय केलं? मला पायाखालचं दिसत हुतं. गाडीतल्याला दिसत नव्हतं. तेवढाच फरक."

मी धुकं नव्यानं लिहायला घेतलं. जमिनीलगत दाट, वर विरळ; आणि बघणाऱ्याच्या डोळ्यापासून वस्तूपर्यंतच्या रेषेत जेवढं धुकं येईल तेवढंच पांढरं. दोन महिने गेले. झालं तेव्हा पहिल्यांदा आण्णांनाच दाखवलं. पडद्यावर विमान उंचावर होतं, खाली धावपट्टीचे दिवे फिकट पण स्पष्ट दिसत होते. विमान उतरत आलं, धुक्याच्या थराला टेकलं आणि सगळे दिवे एकदम गेले.

आण्णांनी हातातला पेला खाली ठेवला. ते उठले, अंगणात गेले, पाठ करून उभे राहिले. मी मागोमाग गेले. तेव्हा, माझ्याकडे न बघता, त्यांनी मला ते सांगितलं.

"अजित म्हणून पायलट हुता आमच्याकडं. तिशीचा. रोज सकाळी माझ्या खोलीत चहाला यायचा, इचारायचा, मिराशीजी, आज कितना? मी दर अर्ध्या तासानं बाहेर जाऊन बगायचो. पाण्याची टाकी दिसली की एवढं, भट्टीची चिमणी दिसली की तेवढं. सगळ्यांचं अंतर मी सोता चालून मोजलेलं. त्या दिवशी त्यो शेजारच्या गावासनं लहान इमान घेऊन परत येत हुता. एकटाच. मंजू असं की मला टाकीबी दिसंना. मी आकडा दिला. टॉवरवरनं त्येला सांगितलं, उतरू नको. आणि रेडिओवर त्येचा आवाज आला. मला पट्टी दिसतीया, येतोय."

आण्णांनी गळ्याजवळचं बटण चाचपलं.

"आला. पट्टीच्या अलीकडं आपटला."

चौकशी झाली. आण्णांची वही तपासली, नोंद अचूक होती. मग त्यांना एकच प्रश्न विचारला गेला: त्या वेळी धावपट्टी दिसणं शक्य होतं का?

"मी म्हणालो, न्हाई. मला टाकीबी दिसत नव्हती. खरं तेच सांगितलं गं. त्येंनी लिवलं, पायलट खोटं बोलला, घरी जायची घाई हुती. माझ्या खऱ्यानं त्येला खोटा ठरीवला. त्येची आई आली हुती चौकशीला. माझ्याकडं बगत हुती."

निवृत्त होऊन गुंदला आल्यावर एका सकाळी ते गुरं शोधायला टेकडीवर चढले होते. वरून त्यांना धुक्यातून देवळाचा दिवा दिसला. खाली उतरले तर दिवा नाही. तेव्हापासून धुक्याच्या प्रत्येक सकाळी ते चढत होते आणि उतरत होते.

"पण टेकडी म्हंजे इमान न्हाई," ते म्हणाले. "मला वाटतंय, त्येला खरंच दिसलं असंल. पण वाटणं येगळं. वाटलेलं वहीत लिवायचं नसतं."

कंपनीत माझं धुकं दोषांच्या यादीत गेलं. आमचे मॅनेजर विमानातले नव्हते, कागदावरचे होते, पण त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आकडा आठशे टाकला तर पडद्यावर आठशेच दिसायला हवं, तपासणीला येणारे तेच मोजणार. जुनंच परत घाल, म्हणाले. मी म्हटलं, एकदा कॅप्टनना बसून बघू द्या. आणि एका माणसाला मी बरोबर आणणार आहे. साठीचे एक निवृत्त वैमानिक आमच्याकडे यंत्रं पारखायला येत, त्यांना सगळे कॅप्टन म्हणत.

आण्णा बेंगळूरला आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. यंत्राच्या दारात चपला काढू लागले, मी थांबवलं. कॅप्टननी त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवलं, पट्टे स्वतः बांधले. दोघं कानडीत बोलत होते. मागे मॅनेजर आणि मी.

उंचावर असताना समोर दिव्यांची ओळ दिसली. कॅप्टन म्हणाले, "दिसतंय?"

आण्णा नेहमीसारखे थांबले, नीट बघितलं. "दिसतंय. सगळे दिवे दिसतायत."

"आता खाली निरीक्षकाला काय दिसत असेल?"

"काही न्हाई."

विमान उतरत गेलं. दिवे दिसतच होते, मोठे होत होते. कॅप्टनचे हात शांत. मग एका क्षणात पांढरं. वर, खाली, बाजूला फक्त पांढरं. आण्णा खुर्चीत ताठ झाले आणि मोठ्यांदा ओरडले, "वर घ्या! वर घ्या!" कॅप्टननी नाक उचललं, इंजिनाचा आवाज वाढला, आम्ही धुक्यातून बाहेर आलो.

मग आण्णा म्हणाले, "परत एकदा. आणि जिथं जातंय तिथं थांबवा."

दुसऱ्यांदा दिवे गेल्याबरोबर कॅप्टननी यंत्र थांबवलं. पांढरा पडदा तसाच राहिला. आण्णा त्याच्याकडे बघत बसले. मॅनेजरनी एकदा घड्याळ पाहिलं आणि मनगट बाहीत लपवलं.

"त्येला दिसत हुतं," आण्णा शेवटी मराठीत म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. "शेवटपर्यंत दिसत हुतं. म्हणून त्यो आला."

कॅप्टनना मराठी येत नव्हतं. पट्टे सोडून त्यांनी आण्णांना हात दिला. बाहेर आल्यावर मी कॅप्टनना सगळी हकीकत सांगितली. ते मॅनेजरना म्हणाले, "आकडा जमिनीवरून मोजा, तपासणीला मी उत्तर देईन. पण हे धुकं काढायचं नाही. प्रत्येक नव्या पोराला हे आधी दाखवायचं." मॅनेजरनी होकारार्थी मान हलवली. संध्याकाळी माझ्या यादीतून तो दोष निघालेला होता.

गुंदला परतल्यावर धुकं पडलं तरी आण्णा टेकडीवर गेले नाहीत. चार दिवसांनी मला म्हणाले, "त्येची आई हाय का बगशील?" कॅप्टननी जुन्या ओळखीतून शोध घेतला. आई गेली होती. बहीण होती, त्या विमानतळाच्याच गावात. आण्णा म्हणाले, "मग तिच्याकडं जायाला पायजे." मी म्हटलं, फोन करू या आधी, वय बघा तुमचं. ते म्हणाले, "चौकशीला मी उभा राहून सांगितलं हुतं. ह्येबी उभा राहूनच सांगाय पायजे."

ते गेले. तिथं काय झालं ते मला त्या बहिणीनंच नंतर फोनवर सांगितलं. आण्णांनी आधी स्वतःची साक्ष सांगितली, चौकशीत ते काय म्हणाले होते ते, शब्द न शब्द. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आण्णा उंबऱ्याजवळ उभेच होते. मग ती आली, म्हणाली, बसा, आणि पुढचं सांगा. त्यांनी दिव्यांचं सांगितलं, धुक्याचं सांगितलं, रेडिओवर तिचा भाऊ खोटं बोलला नव्हता हे सांगितलं. तिनं नवऱ्याला बोलावून घेतलं, मुलांना कामावरून बोलावलं आणि आण्णांना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. त्यांच्या घरात वीस वर्षांहून जास्त काळ कुणी अजितचं नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं. आई जाताना एकच म्हणत होती, तो खोटं का बोलला असेल? आण्णा दुपारच्या गाडीनं परतणार होते. त्यांना दोन दिवस सोडलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात आण्णांना ताप आला, छातीत भरला आणि आठ दिवसांत ते गेले. ते उत्तरेला गेले त्याच आठवड्यात कंपनीनं मला बेंगळूरला बोलावून घेतलं होतं, तेव्हापासून मी तिथंच होते. रस्त्यावर झाडं पडली होती, मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्यामुळे मी शेवटचं त्यांना पाहिलं ते लोंढा स्टेशनच्या फलाटावर, ते उत्तरेला निघाले तेव्हा. भर दुपार होती आणि गाडीला तासभर उशीर. मांडीवर फडक्यात बांधलेले मुडलीचे कंद, आमच्या जंगलपट्टीतले. कुणाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून स्वतः खणून आणलेले. त्यांचे ओठ हलत होते. जप करत असतील असं मला वाटलं. मग त्यांनीच विचारलं,

"हिंदीत 'आपके भाई' म्हणायचं का 'भाईसाब'? जुनी हिंदी इसरलो बग."

"'आपके भाई' म्हणा," मी सांगितलं.

"'आपके भाई'," ते म्हणाले. "बरं."

गाडी आली. मी त्यांना खिडकीशी बसवलं, पिशवी बाकाखाली सरकवली, उतरले. गाडी हलली तसा मी हात केला. त्यांनी पाहिलं नाही. खिडकीच्या गजांमागे, कंदांचं गाठोडं दोन्ही हातांनी धरून, ते समोरच्या रिकाम्या बाकाला हळूहळू, एकेक शब्द जोखत, काहीतरी सांगत होते.